पिशवी काढली, पण दुखणं गेलं का?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



हंगाम संपून साखर कारखान्यांचा पट्टा पडला, ऊसतोड टोळ्या गावाकडे परतल्या. म्हणून आजच हार्मोन्सवर, म्हणजे संप्रेरकांवर बोलायचं ठरवलं. विषय दवाखान्यातला वाटेल, पण आपल्या बीड जिल्ह्यात तो उसाच्या फडातून सुरू होतो.

ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, याची चौकशी करायला २०१९ साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. वयोगट तंतोतंत जुळत नसले, तरी एवढी तफावत निव्वळ आजाराने पडत नाही.

मग कशाने पडते? फडातला दिवस बघा. पहाटे चारला उठायचं, कोपीपुढे, म्हणजे झोपडीपुढे, भाकरी थापायची, उजाडायच्या आत कोयता धरायचा. दिवसभर तोडणी, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. ट्रक रात्री आला तर रात्री भरायचा. संडास नाही, पाणी बेताचं, पाळीचं कापड धुऊन उन्हात वाळवायची सोय नाही. एक दिवस अंग टाकलं की खाडा, आणि खाड्याला पाचशे-हजाराचा दंड. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, ती फेडायची असते.

आता शरीरात काय होतं ते सांगतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी आहेत. त्यांच्याकडून अंडाशयाला हुकूम जातो. झोप मोडली, पोटाला कमी पडलं, ताण वाढला की हा हुकूम विस्कळीत होतो. एखाद्या महिन्यात अंडं सुटत नाही. अंडं सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि एकट्या इस्ट्रोजेनच्या जोरावर पिशवीचं अस्तर वाढत राहतं. मग पाळी लांबते आणि आली की अंगावर भरपूर जातं. थायरॉइड मंदावला तरी असंच होतं. पांढरं जाणं अनेकदा जंतुसंसर्गाने असतं, ते गोळ्यांनी बरं होतं. म्हणजे दोष अनेकदा पिशवीत नसतोच, तरी सुरी मात्र पिशवीवर चालते. ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ एवढं एक वाक्य ऐकलं की घरचे कर्ज काढून ऑपरेशन करतात.

खरं तर सुरी चालवण्याआधी दुखण्याचं मूळ शोधायला हवं. अमेरिकेत जेफ्री ब्लँड यांनी १९९१ मध्ये ‘फंक्शनल मेडिसिन’ची संस्था उभी केली. लक्षण दाबण्याआधी त्याचं मूळ शोधा, हा तिचा आग्रह. त्या नावाखाली आज महागड्या तपासण्या आणि डबेच्या डबे पूरक गोळ्या विकल्या जातात, त्यांच्या नादी लागू नका. पण तो मूळ प्रश्न आपल्या कामाचा आहे: हे का होतंय? त्याचं उत्तर शोधायला हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी आणि गर्भाशयमुखाची तपासणी, एवढ्यानेच बरंच काम होतं.

पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली, तर नैसर्गिकरीत्या ४६-४७ च्या सुमारास येणारी रजोनिवृत्ती पस्तिशीतच, तीही एका दिवसात येते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, लघवीची जळजळ मागे लागते. हाड झिजवणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन आवर घालतं. ते गेलं की हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोकाही वाढतो. अंडाशयं ठेवली तरी काही जणींत ती लवकर थकतात. आणि अशीच बाई पुढच्या हंगामात पुन्हा मोळी उचलते. कंबर धरली, गुडघे धरले, तर म्हणतात, काम सवयीचं राहिलं नाही.

ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलं, त्यांनी घाबरू नये, पण गप्पही बसू नये. अंडाशयं काढली की ठेवली, हे डिस्चार्ज कार्डावर वाचून घ्या. काढली असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना संप्रेरकाच्या उपचाराबद्दल विचारा. रजोनिवृत्तीच्या नैसर्गिक वयापर्यंत तो बहुतेकींना देता येतो. स्तनाचा कॅन्सर वगैरे झालेल्यांचं वेगळं पाहावं लागतं. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांची तपासणी विसरू नका.

२०१९ नंतर खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. हे चांगलंच झालं, पण परवानगीचा कागद फडात संडास बांधत नाही. दिवाळीआधी टोळी निघण्यापूर्वी प्रत्येक बाईची तपासणी, फडावर पाणी आणि आडोसा, आणि आजारपणाच्या दिवसाला खाडा नाही, एवढं कारखान्यांकडून आणि मुकादमांकडून करारातच लिहून घ्या. संप्रेरकांच्या बिघाडाचं मूळ तिथे आहे, आणि उपचारही तिथूनच सुरू व्हायला हवेत.