पडद्यापलीकडचा वर्ग : चेन्नईचा अनुभव
(भाषणाचा मजकूर)



दूरशिक्षण म्हटले की टपालाने येणारी जाडजूड पाठ्यपुस्तिका डोळ्यांसमोर येते. पुस्तिका घरी पोहोचते, विद्यार्थ्याची शंका मात्र त्याच्यापाशीच राहते. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचा देशव्यापी वर्ग दूरदर्शनवर सुरू झाला. त्यात प्राध्यापक दिसत, परंतु त्यांना काही विचारण्याची सोय नव्हती. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून केवळ शिक्षणासाठी घडवलेला एज्युसॅट उपग्रह झेपावला आणि दूरच्या वर्गातून उलट प्रश्न विचारणे शक्य झाले. त्यासाठी ठरलेल्या वेळी ठरलेल्या केंद्रात हजर राहावे लागे. २०१० मध्ये या उपग्रहाचे कार्य संपुष्टात आले.

चेन्नईत, गिंडीच्या वनाला लागून असलेल्या आयआयटी मद्रासमध्ये हाच प्रश्न वेगळ्या वाटेने हाताळला गेला. २००३ मध्ये त्या वेळच्या सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटीईएल हा कार्यक्रम केंद्र सरकारच्या साहाय्याने हाती घेतला. चांगल्या शिक्षकांची वानवा असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत उत्तम व्याख्याने पोहोचवणे, हा हेतू. एका विषयाची सुमारे चाळीस तासांची ध्वनिचित्रफीत, तीही विनामूल्य! पण नुसती चित्रफीत म्हणजे पुस्तिकेचेच बोलके रूप. दोन व्याख्याने पाहून तिसऱ्याला पाठ फिरवणाऱ्याला विचारणारे कोणी नव्हते.

२०१४ पासून चित्र पालटले. अभ्यासक्रमांना चार, आठ वा बारा आठवड्यांची चौकट आली. दर आठवड्याला नवे पाठ खुले होतात, मुदतीचा स्वाध्याय येतो, शंका चर्चापीठावर मांडता येते. अंतिम गुणांत स्वाध्यायाचे २५, तर पर्यवेक्षकासमोर केंद्रात बसून दिलेल्या परीक्षेचे ७५ गुण. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ स्वाध्याय धरले जातात; म्हणजे आजारपण वा घरचे लग्नकार्य यांना थोडी जागा उरते. मुदतीची ही साधी युक्ती महागड्या उपकरणांपेक्षा अधिक कामाची ठरते, कारण अभ्यास उद्यावर ढकलण्याची सवय सार्वत्रिक आहे.

चर्चापीठाचे महत्त्व याहून अधिक. भरल्या वर्गात हात वर करण्यास संकोचणारा शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी तेथे लिहून विचारू शकतो, आणि एकाला दिलेले उत्तर इतर सर्वांना वाचता येते. स्वाध्यायात बहुसंख्य विद्यार्थी एकाच चुकीच्या पर्यायाकडे वळले, तर चूक समजुतीत आहे की शिकवण्यात, हे शिक्षकाला तपासता येते. फळ्याकडे तोंड करून शिकवताना ते क्वचितच कळते. अर्थात चर्चापीठ आपोआप चालत नाही. उत्तर आठवडाभर आले नाही तर विचारणारा पुन्हा फिरकत नाही. म्हणून साहाय्यक अध्यापक नेमावे लागतात. महाविद्यालयांत उघडलेल्या स्थानिक शाखांचे समन्वयक प्राध्यापकही हाच दुवा सांधतात. महाराष्ट्रातही अशा शाखा आहेत.

२०१६ मध्ये आयोगाने अशा अभ्यासक्रमांतून २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्यास मुभा दिली. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ या राष्ट्रीय मंचाचे उद्घाटन झाले. त्यानंतर २०२० मध्ये, महासाथीने वर्गांना टाळे लागले असताना, याच संस्थेने प्रोग्रॅमिंग व विदाविज्ञानाचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम जाहीर केला. त्याच्या पात्रता प्रक्रियेत जेईई आवश्यक नाही. उमेदवाराला आधी चार आठवडे प्रत्यक्ष शिकवले जाते, स्वाध्याय करून घेतले जातात आणि मग त्याच भागावर परीक्षा होते. निवडीआधी शिकवण्याची ही रीत आपल्याकडे विरळाच.

उणिवाही आहेत. शिकवण्याचे माध्यम बहुतांशी इंग्रजी असल्याने मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला शंका सुचते, पण ती लिहिताना शब्द अडतात. एकाच मोबाइलवर घरातील तिघांचा अभ्यास, संध्याकाळी जाणारी वीज, हेही नित्याचेच. आणि आठवडाभर घरी बसून शिकलेल्या आडगावच्या मुलीला परीक्षेच्या दिवशी मात्र पहाटेची एसटी पकडून शहरातले केंद्र गाठावे लागते.