दोर कोणाच्या हाती द्यावयाचा?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनप्रसंगी ठाणे येथे केलेले भाषण)



चिटणिसांनी आम्हांस विषय दिला तो ‘तरुणांतील साहसवृत्ती’. असा विषय मिळाला म्हणजे वक्त्याने तानाजीपासून आरंभ करावा, एव्हरेस्टवर जावे आणि टाळ्यांच्या गजरात खाली उतरावे, असा प्रघात आहे. तो आज आम्ही मोडणार आहोत. साहसाची स्तुती करणारे पुष्कळ आहेत. साहस करावयास नेणाऱ्या माणसाची पात्रता काय, त्याच्या हाती आपण ठेवतो किती आणि ज्या दोरावर आपले मूल लोंबकळते तो दोर आला कोठून, हे विचारणारे थोडे. आम्ही स्वतःही एके काळी त्या न विचारणाऱ्यांतच होतो, आणि ती हकीगत सांगण्यासाठीच मुख्यतः उभे आहोत.

गेल्या दिवाळीत आमच्या एका भाचीने फराळाच्या ताटावर जाहीर केले की, तिला विमानातून उडी मारावयाची आहे. घरात जो हलकल्लोळ झाला तो सांगावयास नको. तिने पुण्याच्या शीतल महाजन यांचा दाखला दिला. ह्या बाईंनी २००४ साली आपली पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर घेतली, २००६ साली अंटार्क्टिकावर घेतली, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आजीबाईंचा विरोध उडीलाच होता. आम्ही एवढेच विचारले, “बाळ, पहिल्या उडीला तुला ज्या मनुष्याच्या छातीशी बांधतील, तो कोण?” पोरगी हुशार, चार दिवसांत उत्तर घेऊन आली. अमेरिकेत असा जोडउडीचा प्रशिक्षक होण्यास किमान ३ वर्षांचा अनुभव आणि किमान ५०० उड्या लागतात. पाठीवर दोन छत्र्या असतात, एक नेहमीची व एक राखीव. राखीव छत्री वापरली जावो वा न जावो, दर १८० दिवसांच्या आत परवानाधारक कारागिराने ती उघडून, तपासून, पुन्हा घडी घालून मोहोर लावावी असा तेथील नियम आहे. शिवाय उडी घेणारा बेशुद्ध पडला तर ठरलेल्या उंचीवर राखीव छत्री आपोआप उघडणारे यंत्रही असते. आजीबाईंचे समाधान झाले नाही ते नाहीच. आमच्या मनात मात्र निराळेच काहूर उठले. आकाशातल्या माणसाविषयी जो प्रश्न आम्ही इतक्या तत्परतेने विचारला, तो जमिनीवरच्या माणसाविषयी कधी विचारला होता काय?

कारण आपली मुले आकाशात क्वचितच जातात. डोंगरावर मात्र दर रविवारी जातात. पहाटेच्या कसारा लोकलमध्ये डोंबिवलीस चढणारी पाठपिशव्यांची गर्दी आपण पाहतोच. आसनगावास उतरले की समोर माहुलीचे सुळके दिसतात. १६३६ साली शहाजीराजांनी जेथे मोगलांशी शेवटची झुंज दिली तो हा किल्ला. कल्याणहून मुरबाडची एस.टी. धरली की देहरीजवळ गोरखगडाच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या, पुढे नाणेघाट, माळशेज. मलंगगड तर कल्याणच्या घराघरांच्या गच्चीवरून दिसतो. त्याच्या बालेकिल्ल्याकडे जाणाऱ्या पायऱ्या तुटल्या आहेत आणि मधल्या दरीवरून एका लोखंडी पाइपावरून पलीकडे जावे लागते. हा वारसा भाग्याचा आहे. पण पावसाळ्यात अशा वाटांवर जी झुंबड उडते, आणि ज्याला काल कोणी नेले तो आज दुसऱ्यांना नेतो असा जो प्रकार चालतो, तो पाहून छाती दडपते.

आता हकीगत. २०१३ सालच्या डिसेंबरात आपल्या मंडळाच्या युवक शाखेने माहुलीच्या पायथ्याशी शिबिर भरविले होते. बेचाळीस मुलेमुली होती, आणि व्यवस्था आम्हांकडे होती. हिशोबाची वही अजून आम्हांजवळ आहे. बसला १४,००० रुपये, न्याहारी व जेवण ११,०००, मंडळाचे नाव छापलेल्या टोप्या ३,३६०, आणि दोराने कड्यावरून उतरविण्याचे शिक्षण देणाऱ्या प्रशिक्षकास २,०००. तेही त्याने ३,५०० सांगितले असता आम्ही घासाघीस करून खाली आणले होते. “समाजकार्य आहे, थोडे समजून घ्या,” हे वाक्य आम्हीच उच्चारले. बसवाल्यास ते उच्चारण्याचे धैर्य आम्हांस झाले नव्हते.

प्रशिक्षक पंचविशीचा, शांत, कमी बोलणारा. पहिल्या दिवशी सायंकाळी तो म्हणाला, “दोर दाखवा.” दोर मंडळाचा होता, २००५ साली एका देणगीतून घेतलेला, चांगला जाड आणि दिसावयास नवा. त्याने तो हातभर-हातभर करीत सगळा बोटांतून सोडला. प्रत्येक ठिकाणी दुमडून पाहिला. अर्धा तास गेला, मुले कंटाळली. मग त्याने विचारले, “हा ठेवलेला असतो कोठे?” आम्ही सहज सांगितले, “कार्यालयात, जिन्याखालच्या कपाटात. इन्व्हर्टरची बॅटरी असते तेथेच.” त्याने दोराची गुंडाळी केली आणि बाजूस ठेवली. “काका, ह्या दोरावर मी मुले सोडणार नाही.”

आम्ही चिडलो, हे कबूल करतो. दोरावर ओरखडा नव्हता, धागा सुटला नव्हता. त्याने आम्हांस जे समजावून सांगितले ते त्या वेळी आमच्या डोक्यात शिरले नाही. नंतर शिरले, म्हणून आपणांस सांगतो. गिर्यारोहणाचा दोर नायलॉनचा असतो. आत भार पेलणाऱ्या धाग्यांचा गाभा आणि वर विणलेले आवरण. आवरण झिजले तर दिसते, गाभा दुबळा झाला तर दिसत नाही. उन्हाने तो जुना होतो, ओला झाला तर त्याची शक्ती घटते, वाळू आत शिरली तर ती धागे कुरतडते. आणि गंधकाचे तीव्र आम्ल, म्हणजे बॅटरीतले आम्ल, त्याचा थेंब वा वाफ लागली, तर डाग न पडता दोर आतून निकामी होऊ शकतो. शिवाय मुळीच न वापरलेल्या दोरासही साधारण १० वर्षांहून अधिक आयुष्य बनविणारे देत नाहीत. आमचा दोर ८ वर्षांचा होता, आणि त्याची खरेदीची पावती, वापराची नोंद, काही म्हणता काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी कड्याचा कार्यक्रम झाला नाही. त्याने मुलांना गाठी शिकविल्या, लहान कातळावर चढविले, गडाची वाट चालविली. पालकांनी परत आल्यावर विचारणा केली. कार्यकारी मंडळात चर्चा झाली की, मुख्य कार्यक्रमच झाला नाही तर पूर्ण मानधन का द्यावे? आणि आम्ही, आम्हीच, त्याला १,००० रुपये देऊन वाटेस लाविले. त्याने पाकीट मोजले नाही.

तो दोर खरोखर निकामी होता की नव्हता, हे आम्हांस आजही ठाऊक नाही. ते जाणून घेण्याचा एकच मार्ग होता, आणि तो त्या तरुणाने आम्हांस पत्करू दिला नाही. त्याचे अर्धे वेतन आम्ही कापले ते त्याने आपले काम चोख केले म्हणून. पुढल्या वर्षी आम्हांस स्वस्तातला दुसरा मनुष्य मिळाला, त्याने दोर पाहिलाही नाही, मुले हसतखेळत उतरली आणि सर्वांनी आमचे अभिनंदन केले. ह्या अभिनंदनाइतकी लाज आम्हांस दुसऱ्या कशाचीही वाटत नाही.

प्रशिक्षकाची पात्रता म्हणजे काय, हे आपण पालकांनी जाणून घेण्यासारखे आहे. एव्हरेस्ट १९५३ साली सर झाले आणि पुढच्याच वर्षी दार्जिलिंग येथे हिमालयीन गिर्यारोहण संस्था निघाली. तेनसिंग तेथे शिक्षणप्रमुख होते. १९६५ साली उत्तरकाशीस नेहरू संस्था निघाली. तेथे सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक वर्ग असतो. त्यात ‘अ’ श्रेणी मिळाली तरच पुढच्या वर्गाची वाट मोकळी होते, आणि त्याही पुढे दुसऱ्यांना शिकवावे कसे ह्याचा स्वतंत्र वर्ग असतो. स्वतः चढणे निराळे आणि दुसऱ्यास चढविणे निराळे, हे त्या संस्थांनी ओळखले आहे, आपण नाही. मात्र केवळ प्रमाणपत्रावर भुलू नये, असेही आमचे मत आहे. हिमालयाचे बर्फ ज्याने तुडविले त्याला सह्याद्रीचा घसारा, निसरडे गवत आणि हातात येणारा सुटा दगड कळतोच असे नाही. ती विद्या पायथ्याच्या ठाकर-कातकरी वाड्यांतील वाटाड्यांजवळ आहे. त्यांनाही आपण शंभराची नोट आणि उरलेले पोहे देऊन निरोप देतो.

सरकारही आता जागे आहे. हिमालयात मुलगा गमावलेल्या पालकांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले होते. राज्याच्या क्रीडा विभागाने २०१८ साली साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेविषयी शासन निर्णय काढला. २०२१ साली पर्यटन विभागाने साहसी पर्यटनाचे धोरण आणले, आणि त्यात जमीन, पाणी व आकाश ह्या तिन्ही ठिकाणच्या उपक्रमांसाठी नोंदणीची अट घातली. कागद चांगला आहे. पण रविवारी सकाळी माहुलीच्या वाटेवर तो कागद तपासावयास कोण उभे राहणार? ते काम वर्गणी भरणाऱ्याचे आहे.

साहित्याविषयी दोन शब्द. कॅराबिनर म्हणजे ती लोखंडी वा अॅल्युमिनियमची कडी, तिच्या अंगावर आकडा कोरलेला असतो. २२ किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने सव्वादोन टन भार. हा आकडा कडी लांबीने ओढली असता व तिचे तोंड बंद असता खरा. आडवी ओढली किंवा तोंड उघडे राहिले तर तीच कडी त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा भार पेलील की नाही ही शंका. इमारतीच्या बांधकामावरचे पिवळे शिरस्त्राण हनुवटीखाली पट्टा नसेल तर पहिल्याच धक्क्यास उडून जाते. दोर एकाच झाडास वा एकाच मेखेस बांधलेला दिसला, तर पालकांनी खुशाल विचारावे, “दुसरा आधार कोठे आहे?” चांगला प्रशिक्षक रागावणार नाही. रागावला तर मुलास घेऊन घरी यावे.

आमचे एक ज्येष्ठ स्नेही म्हणतात, “महाराजांच्या मावळ्यांना कोठे शिरस्त्राण होते?” त्यांस आमचे उत्तर असे की, मावळा डोंगरात जन्मला होता, रोज डोंगर चढत होता आणि अनवाणी पायास कातळ ओळखीचा होता. आपले चिरंजीव डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावरूनही लिफ्टने उतरतात.

मानधनाचा प्रश्न शेवटी घेतला, कारण सगळे त्यापाशीच अडते. ज्या तरुणाने हिमालयात आपल्या खर्चाने महिना-महिना काढून विद्या मिळविली, जो स्वतःचे दोर, कड्या घेऊन येतो आणि ते ठरावीक मुदतीने बाद करतो, त्याला जर दिवसाचे हजार-दोन हजार मिळाले, तर तो एकतर दोर बदलणार नाही किंवा हा व्यवसाय सोडील. आमचा तो तरुण दुसऱ्या मार्गाने गेला. आज तो ठाण्यात विमा कंपनीत आहे. गेल्या महिन्यात आम्ही त्याच्या घरी गेलो, पाकीट पुढे ठेविले. त्यात राहिलेले १,००० होते, आणि आमच्या घासाघिशीचे १,५००. त्याने चहा दिला, पाकीट घेतले, आणि विचारले, “काका, त्या दोराचे काय केलेत?”

तो आम्ही कापला. सगळा नव्हे, चार-चार हातांचे तुकडे केले. कोणी पुन्हा त्यावर लोंबकळू नये म्हणून. आज ज्या मंडपात आपण बसला आहात त्याच्या कनाती त्याच तुकड्यांनी बांधल्या आहेत.

येत्या शिबिराचा ठराव दुपारच्या सर्वसाधारण सभेत यावयाचा आहे. त्यात प्रशिक्षक शिकविण्याचा वर्ग पूर्ण केलेला असावा, दर पंधरा मुलांमागे एक असावा, साहित्य नाकारण्याचा अधिकार एकट्या त्याचा असावा आणि कार्यक्रम त्याने थांबविला तरी मानधन पूर्ण द्यावे, असे लिहिले आहे. दोराची खरेदी-तारीख व वापर नोंदविण्याची वहीही ठेविली आहे. अंदाजपत्रकात प्रशिक्षकांचा खर्च बसच्या वर मांडला आहे. खजिनदारसाहेबांनी त्या आकड्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आहे, ते आम्ही पाहिले. जेवणानंतर त्याचे उत्तर देण्यास आम्ही पहिल्या रांगेत बसून राहू.