दार लागल्यावर कुत्रा का रडतो?

(मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दत्तगुरूंच्या तसबिरीत कुत्री असतात, ती आपण लहानपणापासून पाहत आलो. आपल्या इंदूरच्या घरांत मात्र कुत्रा अंगणातून बैठकीत आला तो अलीकडेच. मुलं पुण्या-बंगळुरूला गेली. घरात नवराबायको आणि तो. दोघंही बाहेर पडलो की शेजारी सांगतात, "तुम्ही गेल्यापासून रडतोय." दार ओरबाडलेलं, बैठकीत लघवी. आपण म्हणतो, सूड उगवला.

तो सूड नव्हे, भीती आहे. परत आल्यावर मारलं तर कशाबद्दल मारलं हे त्याला कळत नाही. आपल्या येण्याचीही भीती बसते.

आधी खात्री करावी. निघताना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवावा. घाबरलेला कुत्रा बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच धापा टाकतो, लाळ गाळतो, दाराशी येरझाऱ्या घालतो. निवांत झोप काढून मग चप्पल चावणारा बहुतेक कंटाळलेला असतो. त्याला फिरवणं, खेळवणं वाढवावं. आपण घरी असतानाही लघवी होत असेल, तर आधी पशुवैद्याला दाखवावं.

आता उपाय. किल्ली वाजली, चप्पल घातली की याचा जीव खालीवर होतो. म्हणून आम्ही किल्ली उचलतो आणि खुर्चीत बसून राहतो. दिवसातून चार-पाचदा. किल्लीचं त्याला काही वाटेनासं झालं की दाराबाहेर पाच सेकंद, मग दहा, मग अर्धा मिनिट. तो घाबरायच्या आत परतायचं. घाबरलाच तर पुढच्या वेळी वेळ कमी करायचा. याला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर त्याला फार वेळ एकटं ठेवू नये. शेजारच्या काकूंकडे सोडावं. कोंडून ठेवलं तर घाबरलेला कुत्रा दात-नखं दुखावून घेतो. दुसरा कुत्रा आणूनही बहुधा भागत नाही, कारण त्याला माणूस हवा असतो. त्रास जास्त असेल तर पशुवैद्य औषध देतात, त्याने सरावाला मदत होते. आपल्या डब्यातली झोपेची गोळी मात्र कधीही देऊ नये.

हे आजच सांगायचं कारण आहे. गणपतीत दहा दिवस घर भरलेलं असतं. विसर्जनानंतर एकदम रिकामं होतं. म्हणून या दिवसांतही त्याला रोज थोडा वेळ दुसऱ्या खोलीत शांत बसायची सवय ठेवू या. अनंत चतुर्दशीला झांक्या पाहायला आळीपाळीने जाऊ. ढोल-फटाक्यांच्या रात्री घरी एक जण थांबेल.

कंटाळून कुत्रा दूर नेऊन सोडणारेही आहेत. पाळलेलं जनावर असं उपाशी मरायला सोडणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याआधी एवढं लक्षात घेऊ: आपल्याला बाहेर सगळं गाव आहे, त्याला आपणच आहोत.

गणपती बाप्पा मोरया!