किमतीची मर्यादा आणि मोटारीची व्याख्या

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिकेतील विजेच्या मोटारींवरील करसवलत हा आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पंचावन्न हजार डॉलरच्या मोटारीशी आपल्या कार्यकर्त्याचा संबंध तो काय? परंतु सरकारी तिजोरीतील पैसा खासगी उद्योगाच्या मालाला लावताना किमतीची अट घातली, तर उद्योग त्या अटीशी कसा वागतो, याचा इतका स्वच्छ दाखला सहसा मिळत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत जो कायदा झाला, त्याने विजेची नवी मोटार घेणाऱ्यास ७,५०० डॉलरपर्यंत करसवलत देऊ केली. सवलत श्रीमंतांच्या खिशात जाऊ नये म्हणून दोन कुंपणे घातली. एकट्याने कर भरणाऱ्याचे उत्पन्न दीड लाख डॉलरच्या व जोडप्याचे तीन लाखांच्या आत हवे. आणि साध्या मोटारीची किंमत ५५,००० डॉलरच्या, तर एस.यू.व्ही., व्हॅन वा पिकअप ट्रकची ८०,००० च्या आत हवी. दीड लाख डॉलर मिळवणाऱ्यास गरजू समजणारा हा कायदा कोणत्या वर्गाचा, हे सांगायला नको. तरीही किमतीवर बोट ठेवण्याचे धैर्य त्याने दाखवले, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे.

या अटीचा परिणाम झाला काय? झाला, आणि तत्काळ झाला. जानेवारी २०२३ मध्ये टेस्ला कंपनीने आपल्या 'मॉडेल वाय' मोटारीच्या लांब पल्ल्याच्या प्रकाराची किंमत ६५,९९० डॉलरवरून एकदम ५२,९९० वर आणली. मागणी मंदावल्याचे कारणही त्यामागे होते, हे मान्य. परंतु घसरण नेमकी मर्यादेच्या दोन हजार डॉलर खाली येऊन थांबली, हा योगायोग मानण्याइतके आपण भोळे नाही. एका फटक्यात तेरा हजार डॉलर सोडता येतात, याचा अर्थ आधीच्या किमतीत उत्पादनखर्चापलीकडचे पुष्कळ काही सामावलेले होते.

आता गंमत पाहा. त्या वेळच्या नियमाप्रमाणे हीच मोटार पाच आसनांची असेल तर 'साधी' ठरे, आणि मागे आणखी एक ओळ बसवून सात आसनांची केली की 'एस.यू.व्ही.' होऊन तिची मर्यादा ८०,००० वर जाई. फोक्सवागनच्या 'आयडी.४' चे तर चारही चाकांना जोर देणारे रूप एका वर्गात आणि मागच्या दोनच चाकांना जोर देणारे दुसऱ्या वर्गात होते. पत्रा तोच, साचा तोच. जात मात्र वेगळी! उत्पादकांनी साहजिकच तक्रारींचा गिल्ला केला. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेच्या अर्थखात्याने व्याख्या बदलली आणि पाच आसनांची 'मॉडेल वाय' एस.यू.व्ही. ठरली. पुढच्या काही दिवसांतच तिची किंमत पुन्हा वर सरकली. कायद्यातील एक आकडाही न बदलता, केवळ शब्दाचा अर्थ बदलून हे साधले.

'किंमत' या शब्दाचेही तसेच. मर्यादा लागू होती ती उत्पादकाने सुचवलेल्या किमतीला. विक्रेत्याने वर कितीही रक्कम चढवली तरी सवलतीला धक्का लागत नसे. कारखान्यातच गाडीला प्रत्यक्ष जोडलेले साहित्य, म्हणजे मोठी चाके किंवा उंची आसने, हिशेबात धरले जाई. वाहतूक-आकार वगळला जाई. सीमारेषा इतकी काटेकोर की ५५,००० ला पूर्ण सवलत आणि एक डॉलर अधिक झाला की शून्य. मग कोणते साहित्य मूळ गाडीत द्यावे, कोणते काढून वेगळे विकावे, याचा विचार ग्राहकाच्या गरजेवरून होण्याऐवजी त्या रेषेवरून होऊ लागला. भाडेपट्ट्याने दिलेल्या मोटारीला तर किमतीची अट नव्हती आणि उत्पन्नाचीही नव्हती; ती व्यापारी वाहनाच्या दुसऱ्याच कलमात बसे. पुढचे दार बंद करून खिडकी सताड उघडी ठेवावी, तशातला हा प्रकार.

आपल्याकडे हे घडत नाही असे समजू नका. 'फेम-२' योजनेत विजेच्या दुचाकीची कारखान्यातील किंमत दीड लाख रुपयांच्या आत असेल तरच अनुदान मिळे. तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी चार्जर आणि सॉफ्टवेअर वेगळे दाखवून त्यांचे निराळे पैसे घेतले. चार्जरवाचून विजेची स्कूटर म्हणजे चुलीवाचून स्वयंपाकघर! परंतु कागदावर किंमत मर्यादेत राहिली. २०२३ मध्ये हे उघडकीस आल्यावर केंद्र सरकारच्या तगाद्यामुळे कंपन्यांना चार्जरचे पैसे ग्राहकांना परत करण्याचे कबूल करावे लागले. तपासणारा जागा असेल तर व्याख्येची पळवाट बुजवता येते, हे त्यातून दिसले.

अमेरिकेतील सवलतीचा शेवटही पाहण्याजोगा आहे. जुलै २०२५ च्या कायद्याने ती ३० सप्टेंबर २०२५ नंतर बंद झाली. ७ ऑक्टोबरला टेस्लाने 'मॉडेल वाय'चे 'स्टँडर्ड' नावाचे रूप ३९,९९० डॉलरला बाजारात आणले. त्यातून रेडिओ काढला, मागच्या प्रवाशांचा पडदा काढला, गाडी आपोआप मार्गिकेत ठेवणारी सोय काढली आणि काचेचे छप्पर आतून कापडाने झाकले. त्याआधीची सर्वांत स्वस्त 'मॉडेल वाय' ४४,९९० डॉलरची होती. पूर्ण सवलत मिळालेल्या ग्राहकाला ती ३७,४९० ला पडत असे. म्हणजे ऑक्टोबर २०२५ मध्ये उणी गाडी घ्यायला त्याला अडीच हजार डॉलर अधिक मोजावे लागले.