बेसिन गळतंय, पण नेमकं कुठून?

आजचा विषय अगदी घरगुती. बाथरूममधल्या बेसिनखालची गळती. आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

मागच्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. म्हणाल्या, "अरे, आमच्या बाथरूमच्या छताला ओल आलीय. तुझ्याकडून येतंय का बघ जरा." मी बेसिनखाली डोकावलो. फरशी कोरडी. म्हटलं, "आमचं नाही काकू, पावसाचं असेल." पाऊस संपला, ओल काही संपली नाही. दिवाळीत त्यांच्या छताचे पोपडे पडायला लागले. इतक्या वर्षांचा शेजार, पण जिन्यात भेटल्या तरी काकू बोलेनाशा झाल्या. तेव्हा कुठे मी नीट बघायला बसलो.

तर पहिली गोष्ट. पाना नंतर, आधी जुनं वर्तमानपत्र घ्या. बेसिनखालचा प्रत्येक जोड कोरडा पुसा, खाली कागद पसरा आणि नळ न उघडता अर्धा तास थांबा. कागद भिजला, तर गळती पाणी येण्याच्या बाजूला आहे. म्हणजे अँगल कॉक किंवा कनेक्शन पाइप. नळ बंद असला तरी तिथे पाण्याचा दाब असतोच. कागद कोरडा राहिला, तर बूच लावून बेसिन भरा आणि पाणी एकदम सोडा. आता प्रत्येक जोडावरून कोरडा टिश्यू फिरवा. जिथे भिजेल, तिथे गळती.

माझा टिश्यू वेस्ट कपलिंगपाशी भिजला. थेंब खाली पडतच नव्हता हो! पाइपच्या बाहेरच्या अंगाने उतरत होता आणि पाइप जमिनीत शिरतो त्या फटीतून थेट खाली. म्हणून माझी फरशी कोरडी.

कपलिंगखाली बादली ठेवली, नट सोडवला. आतला रबरी वायसर कडक होऊन चिरलेला. नवीन आणायला जाताना जुना वायसर आणि कपलिंग दोन्ही दुकानात न्या. बेसिनला वरच्या बाजूला ओव्हरफ्लोचं भोक असेल, तर कपलिंग हाफ थ्रेडचं लागतं. फुल थ्रेडचं बसवलंत, तर त्या भोकातून आलेल्या पाण्याला वाटच राहत नाही.

बसवताना जागा स्वच्छ पुसा. नट हाताने घट्ट करा, मग पान्याने थोडासाच. जास्त जोर लावला तर बेसिनला तडा जातो, बरं का.

आणि पाणी येण्याच्या बाजूची गळती असेल, तर आधी मेन व्हॉल्व बंद करा. टेफ्लॉन टेप अँगल कॉकच्या भिंतीत जाणाऱ्या आट्यांना गुंडाळायची. कनेक्शन पाइपच्या नटात वायसर असतो, तिथे वायसरच बदलायचा.

जमिनीलगतची फट मी सर्वात शेवटी, पुन्हा कागद पसरून खात्री केल्यावर व्हाइट सिमेंटने बुजवली. आधी बुजवली असती, तर गळती फक्त लपली असती.

मग खाली गेलो. म्हटलं, "काकू, आमचंच होतं. छत पूर्ण वाळलं की रंग मी लावून देतो." काकू एवढंच म्हणाल्या, "तेव्हाच बघितलं असतंस तर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून सांगतो, खालून कोणी ओल आली म्हणून सांगायला आलं, तर "आमचं नाही" म्हणायच्या आधी कागद पसरा. चला, भेटू पुढच्या भागात.