मेथी भिजवा, पण गोळी सोडू नका

गेल्या महिन्यात रेवदंड्याला काकूकडे गेलो होतो. ओट्यावर वाटीभर भिजवलेली मेथी, आणि डायबेटिसच्या गोळ्या फळीवर तशाच पडलेल्या. "अरे, फॉरवर्ड आलेला. मेथीने शुगर जाते म्हणे!" मशीनवर तपासली तर उपाशीपोटी 240.

आता मेथी अगदीच फालतू नाही हां. भिजल्यावर दाणे बुळबुळीत होतात ना, तो त्यातला विरघळणारा फायबर. त्याच्यामुळे आतड्यात साखर सावकाश शोषली जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा 1990 चा अभ्यास आहे, त्यात उपाशीपोटीची साखर खरंच उतरली. पण मेथी किती? तेल काढलेली पूड, दिवसाला 100 ग्रॅम! काकूचा चमचा जेमतेम 4 ग्रॅमचा. शिवाय ते पेशंट टाइप 1 चे, इन्सुलिन घेणारे.

गोळ्या परत सुरू झाल्यात. डॉक्टरांना मेथीचंही सांगितलं, कारण दोन्ही मिळून साखर जास्तच उतरू शकते. घाम, थरथर वाटली तर लगेच साखर तोंडात टाकायची.

मेथी काकू अजून भिजवते. भाताची मूद मात्र आता एकच, तीही समोर कोळंबीचं कालवण असताना!