रविवार कुणाचा?

लग्नाचा मांडव उतरला की नव्या जोडप्यामागे सणांची रांग लागते. पहिली मंगळागौर, पहिला दिवाळसण, पहिली संक्रांत. मध्येच अधिक महिना आला तर जावयाचं वाण. शिवाय घरातली कार्यं असतातच: दिराचा साखरपुडा, नणंदेचं डोहाळजेवण, चुलतसासऱ्यांची साठीशांत, भाच्याचं जावळ. पूर्वी ज्याचं त्याचं ज्या त्या तिथीला व्हायचं. आता सगळेच नोकरदार, त्यामुळे बारसं रविवारी, सत्यनारायण रविवारी आणि डोहाळजेवणही रविवारीच. आणि सातपूर-अंबडला पाळ्या करणाऱ्या, पंचवटी एक्स्प्रेसनं रोज मुंबई गाठणाऱ्या नाशिकच्या तरुण जोडप्यांना एकमेकांची तोंडं निवांत पाहायला मिळतात तीही रविवारीच. घरोघरी या एका दिवसावरून धुसफूस चालते. मोठ्यांना वाटतं, मुलांना नात्यागोत्याचं काही पडलेलं नाही, सुटी मिळाली की गाडी काढून पळतात. मुलांना वाटतं, आपलं आयुष्य दुसऱ्यांच्या पंगती वाढण्यातच जाणार.

मला दोघांचंही म्हणणं कळतं. पण सण एकीकडे आणि सहल दुसरीकडे, अशी ही जी मांडणी झाली आहे ती मला पटत नाही. आपल्या या नाशिक-त्र्यंबकच्या मुलखात सणवारालाच तर माणसं घराबाहेर पडत आली.

ज्ञानदेवांच्या घरची गोष्ट आठवा. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई चारही लेकरांना घेऊन त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला निघाले होते. वाटेत वाघ आडवा आला, पळापळ झाली, निवृत्तीनाथ चुकले आणि ज्या गुहेत शिरले तिथे त्यांना गहिनीनाथ भेटले, अशी परंपरेनं चालत आलेली कथा आहे. वाळीत टाकलेलं एक तरुण कुटुंब पोराबाळांसह डोंगराला फेरी घालायला निघतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ती फेरी आजही निघते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी कुशावर्तात स्नान करून लोक 20 किलोमीटरची धाकटी किंवा 40 किलोमीटरची मोठी प्रदक्षिणा घालतात. बरेचजण रविवारी रात्रीच चालू लागतात. पावसाची रिपरिप, पायाखाली चिखल, बॅटरीचा उजेड, वाटेवर कुणीतरी पुढे केलेला चहाचा पेला. नवी लग्न झालेली जोडपी त्या गर्दीत हमखास दिसतात, आणि मागून सासू-सासरेही येत असतात.

लग्नानंतरचा पहिला प्रवासही आपल्याकडे ठरलेलाच, कुलदैवताचा. ज्यांचा खंडोबा त्यांनी जेजुरीला जायचं आणि नवऱ्यानं बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायच्या. ज्यांची सप्तशृंगी त्यांनी वणीच्या गडावर जायचं. चैत्रात खानदेशातून पायी येणाऱ्यांचे जथे नाशिक जिल्ह्यातल्या रस्त्यांवर आपण दरवर्षी पाहतो. गडावर 2018 पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, तेव्हा गुडघे धरलेल्या आजीलाही आता दर्शन सोपं झालं. 2022 साली देवीच्या मूर्तीवरचा वर्षानुवर्षांचा शेंदराचा थर काढला आणि मूळचं अठराभुजा रूप उघडं झालं, तेव्हा तर घरंच्या घरं पुन्हा गडावर जाऊन आली.

आता जुन्याचं एवढं कौतुक केलं, तर दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या प्रवासांत नवरा-बायको बरोबर असत, पण दोघंच कधी नसत. लक्ष्मीबाई टिळक इथल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. जन्म 1868 चा, लग्न 1880 मध्ये. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना बाराएक वर्षांच्या मुलीवर संसार कसा येऊन पडत असे ते दिसतं. कुणाच्या घरी राहायचं, कुठल्या गावी जायचं, हे तिला कुणी विचारत नसे. आज मुलगी पंचविशीत, तिशीत लग्न करते, स्वतःच्या पगाराची असते. ती नवऱ्याबरोबर दोघांचाच एक दिवस मागते, त्यात काय चुकलं? तो तिला मिळायलाच हवा, असं मी अगदी ठामपणे म्हणेन.

आणि जुन्या लोकांना हे कळत नव्हतं असंही नाही. मंगळागौर म्हणजे काय होतं? सासरी खालमानेनं वावरणाऱ्या मुलींना फुगड्या, झिम्मा, पिंगा करत रात्रभर जागायची उघड परवानगी. दिवाळसण म्हणजे लेक-जावयाला चार दिवस हातात काही काम न देता ठेवून घेणं. चांद्रवर्षाचे दिवस 354, सौरवर्षाचे 365. हा अकरा दिवसांचा फरक साठत साठत तीन वर्षांच्या आत एक अख्खा महिना होतो. 2023 साली अधिक श्रावण होता, 2026 साली अधिक ज्येष्ठ. म्हणजे लग्नाला तीन वर्षं व्हायच्या आत प्रत्येक जोडप्याच्या वाट्याला एक अधिक महिना येतोच, आणि त्या महिन्यात दोघांना लक्ष्मी-नारायण मानून, पाटावर बसवून, 33 अनारशांचं वाण द्यायचं. भरल्या घरात दोन तरुण माणसांकडे सगळ्यांनी मायेनं पाहावं, यासाठी ही तजवीज होती. तिच्यातली माया पातळ झाली आणि फोटो वाढले, तिथे माझा जीव अडकतो. हॉल घेतला, कॅटरर सांगितला, जोडप्याला खुर्चीवर बसवलं, पन्नास जणांनी शेजारी उभं राहून फोटो काढले, संपलं. दोघं थकून घरी येतात आणि त्यांना त्या दिवसातलं काही आठवतही नाही.

माझ्या भाचीचं सासर पंचवटीतलं. तिच्या पहिल्या संक्रांतीला सासूबाई म्हणाल्या, हलव्याचे दागिने मेन रोडवरून तयार आणू. आजेसासूबाई ऐकेनात. हलवा घरी करायचा, आणि ज्यांच्यासाठी करायचा त्यांनीच करायचा, असं त्यांचं म्हणणं. जावई म्हणून आमच्याकडे मान घेणारा तो मुलगा त्यांचा नातूच, त्यालाही सुटका नव्हती. दुसरी पाळी संपवून तो रात्री उशिरा घरी आला की जेवण आटोपून दोघं परातीपाशी बसायची. मंद आचेवर परात, परातीत साबुदाणा, थोडी खसखस, थोडे तीळ. बाजूला साखरेचा पाक. एका वेळी चमचाभरच पाक घालायचा आणि बोटांनी दाणे सारखे फिरवत राहायचे, पाक सुकेपर्यंत. मग पुढचा चमचा. पाक जास्त पडला की दाणे चिकटून गोळा होतो. आच वाढली की साखर पिवळी पडते. हात थांबला तर काटा येत नाही. एक जण फिरवणार, दुसरा पाक घालणार, चटके बसले की अदलाबदल. आजी पलंगावरून नुसतं ऐकत असायच्या आणि दाण्यांच्या आवाजावरून सांगायच्या, “घाल आता चमचा.” थंडीच्या रात्री, घर झोपलेलं, आणि ही दोघं बोलत बसलेली. भाची मला म्हणाली, “मावशी, लग्न ठरल्यापासून इतकं आम्ही कधी बोललोच नव्हतो.” काटा फुटायला किती तरी रात्री गेल्या. मग काळ्या साडीवर ते पांढरेशुभ्र बिंदी, तोडे, कंबरपट्टा, त्याच्या हातात हलव्याचा नारळ. दागिने जरा ओबडधोबडच झाले होते. पण आल्यागेल्या प्रत्येकीला ती दोघं आपणहून सांगत होती, यातला कुठला दाणा कुणाचा.

त्या घरात आणखी एक चांगली गोष्ट झाली. कालनिर्णय आणलं त्या दिवशी सासूबाई पेन्सिल घेऊन बसल्या आणि वर्षाचे सगळे रविवार त्यांनी सुनेसमोर ठेवले. ज्या कार्यांना गेल्यावाचून गत्यंतर नाही ती आधी लिहिली. ज्यांना एकानं गेलं तरी चालेल ती कोपऱ्यात बारीक अक्षरात. मग महिन्यातल्या एका रविवारवर त्यांनी काहीच लिहिलं नाही. तो त्या दोघांचा. नातेवाइकांचा फोन आला तर “त्या दिवशी मुलं घरी नाहीत” हे सांगायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. सुनेला नकार द्यावा लागला नाही, की मुलाला खोटं बोलावं लागलं नाही. घराघरांतली निम्मी धुसफूस एवढ्यानं मिटेल, असं मला वाटतं.

या मोकळ्या रविवारी नाशिकच्या जोडप्यानं जावं तरी कुठे? जागांना काही तोटा नाही. कुणी गंगापूर धरणाच्या पाण्यावर संध्याकाळ घालवतं, कुणी द्राक्षबागांकडे जातं, कुणी सोमेश्वरच्या धबधब्यावर. पावसाळ्यात हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर जी झुंबड उडते, तिच्यात मात्र जाऊ नये. तिथे ओल्या दगडावर पाय सटकला तर सावरणं कठीण. सिन्नरचं गोंदेश्वर पाहावं. निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला जावं. गोदावरी-कादवाच्या संगमावरच्या बंधाऱ्यात गाळ साठत गेला, पाणी उथळ झालं, बेटं झाली आणि पक्ष्यांना हवी तशी जागा मिळाली. 2020 साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. भाची तिथे आजेसासूबाईंना घेऊन गेली होती, कारण त्यांचं माहेर त्याच बाजूचं. दुर्बीण हातात न घेताच त्या जांभळ्या पाणकोंबड्या दाखवत होत्या.

पण मला विचाराल तर पहिला रविवार पांडवलेण्यांना द्यावा. मुंबई-आग्रा रस्त्यावर, शहराला लागून, चढायला अर्धा तास पुरे. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. काळ सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. लेखात त्यानं आपली दानं सांगितली आहेत. भरुकच्छ, सोपारा आणि आपलं हे गोवर्धन इथे यात्रेकरूंसाठी उतरायच्या जागा बांधल्या. तापी, दमणगंगा अशा नद्यांवर माणसांना पार न्यायला फुकट होड्या ठेवल्या. प्रवासाची हौस सगळ्यांनाच असते, दुसऱ्याच्या प्रवासाची सोय करणारा माणूस विरळा. आणि त्याच लेण्यातल्या एका खोलीचं दान दुसऱ्या नावानं कोरलेलं आहे: नहपानाची मुलगी, उषवदाताची बायको, दक्षमित्रा. नवऱ्याचा लेख लांबलचक, तिचा अगदी थोडक्यात. पण दान तिचं, म्हणून नावही तिचं. ब्राह्मी वाचता येत नसली तरी त्या दारापाशी नव्या जोडप्यानं जरा थांबावं. राजाची मुलगी आणि राजाचा जावई, दोघं या डोंगरावर कधी बरोबर चढून आली असतील का, हा प्रश्न माझ्या मनात दर खेपेला येतो.

रंगपंचमीचं सांगायचं राहिलंच. धुळवडीला इतर गावं रंगतात तेव्हा आपलं नाशिक दम धरून असतं. वर्षभर फळ्या आणि मातीखाली झाकलेल्या पेशवेकाळच्या रहाडी पंचमीला उघडतात, पूजा होते, आणि मग त्या रंगाच्या हौदात धप्पा मारायला जुन्या नाशकात रीघ लागते. तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा, सगळीकडे. बाहेरगावाहून लग्न करून आलेल्या मुलीला सासरनं पहिल्या वर्षी ही रहाड जरूर दाखवावी. गाव कळायला तेवढी एक दुपार पुरते.

आता भाचीच्या घरचं शेवटचं सांगते. एका रविवारच्या जेवणात सासूबाई सहज बोलून गेल्या, “लग्न झाल्यापासून ह्यांच्याबरोबर मी एकटी कुठे गेले असेन तर दवाखान्यात.” पानावर कुणी काही बोललं नाही. पुढच्या महिन्यात मुलानं आणि सुनेनं आपला मोकळा रविवार त्यांना दिला. भंडारदऱ्याला एमटीडीसीत शनिवार-रविवारची खोली घेतली. 1926 साली पुरं झालेलं ते धरण, रंधा धबधबा, सगळं सासऱ्यांनी तरुणपणी मित्रांबरोबर पाहिलेलं. सासूबाईंनी मात्र नुसतं ऐकलेलं. निघताना त्यांचा पाय निघेना. त्या दिवशी त्यांच्या चुलतभावाच्या नातवाचं बारसं होतं. “मी नाही गेले तर वहिनी काय म्हणतील?” भाची म्हणाली, “आई, आम्ही दोघं जातो ना तुमच्या वतीनं. फक्त कुणाला काय हाक मारायची ते लिहून द्या.”

सासूबाईंनी पाठकोऱ्या कागदावर नावं आणि नाती लिहून दिली. आजींची गोळ्यांची वेळही त्याच कागदावर. मुलगा आणि सून बारशाला गेली, पाळण्यापाशी उभी राहिली. पुरुषांच्या पंगतीला मुलानं मठ्ठा वाढला. आणि ज्या मामींना सून आजवर फोटोपुरतीच भेटली होती, त्यांच्याजवळ बसून तिनं त्यांच्या कांद्याच्या चाळीची सगळी हकीकत ऐकली. भंडारदऱ्याहून दुपारी फोन आला, बारसं नीट झालं का विचारायला. भाचीनं सांगितलं, सगळं नीट झालं, तुम्ही उद्या सकाळी निघा, घाई करू नका.